उत्तरार्ध नेल्लूरला

एका हिंदी चित्रपटाचा उत्तरार्ध मी आंध्रातल्या नेल्लूरला पाठवला आणि नेल्लूरला जायचा तेलुगू उत्तरार्ध चेन्नईतल्या टी. नगरच्या थिएटरात. शुक्रवार होता, पहिलाच खेळ होता आणि पडद्यावर पृथ्वी नष्ट व्हायला थोडाच अवकाश उरला होता.

आमच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी ‘रेल्वेतल्या नोकरीचे थरारक अनुभव’ मागितले, म्हणून हे सांगतो. रेल्वे म्हटलं की लोकांना इंजिन आठवतं, धुक्यात लाल कंदील हलवणारा गँगमन आठवतो. मी आयुष्यभर पार्सल ऑफिसात होतो. तिथं थरार म्हणजे बुक केलेला फणस वाटेत पिकला तर. पण बाईंना नाही म्हणणं मला जमलं नाही.

मी मूळचा भुसावळचा. बदलीवर चेन्नईला आलो, थोडी वर्षं काढून परत जाईन म्हणालो आणि तिथंच निवृत्त झालो. ऑफिसात मला ‘बाँबे सार’ म्हणत. मुंबई मी तोवर जेमतेम पाहिली होती, तीही परीक्षेपुरती. पण भुसावळ कुठं आहे हे दर वेळी सांगत बसण्यापेक्षा बाँबे सार होणं सोपं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात रुबाबही होता. हिंदी लिहिता-वाचता येणारा ऑफिसात मी एकटा. उत्तरेकडून आलेलं जे कुणाला समजत नसे ते माझ्या टेबलावर यायचं. मला समजायचंच असं नाही, पण मी मान हलवत असे.

पार्सल म्हणजे काय, तर ज्याला तिकीट काढून सीटवर बसता येत नाही ते सगळं. मोटारसायकली, मोगऱ्याच्या टोपल्या, खोक्यातून चिवचिवणारी कोंबडीची पिल्लं, बर्फातले खेकडे. प्रत्येक नगाची पावती फाडायची, आणि मार्कर नावाचा माणूस ब्रशानं त्या नगावर जायच्या स्टेशनाचं लघुनाम आणि नंबर रंगवतो. त्याला म्हणायचं मार्का. मार्का हे पार्सलचं तोंड. माणसाला विचारता येतं बाबा कुठं निघालास, ट्रंकेला येत नाही. शिवाय शेडच्या जमिनीवर एक पांढरी रेघ होती. रेघेच्या अलीकडे आलेला माल, पलीकडे जाणारा. या धंद्याचं शास्त्र इथं संपलं. मुंग्यांनासुद्धा जमेल.

आमचा मार्कर मुरुगेसन. माझ्याच वयाचा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, कानावर ब्रश. मी त्याच्याशी माझ्या तमिळमध्ये बोलत असे आणि तो दयाबुद्धीनं हिंदीत उत्तर देत असे.

गिऱ्हाइकांत मला सगळ्यात आठवतात त्या मैलापूरच्या एक वृद्ध बाई. त्यांना वीणा पुण्याला नातीकडे पाठवायची होती. वीणा गादीत गुंडाळलेली, गादी चादरीत, चादरीवर दोऱ्या. त्या म्हणाल्या, “हिच्यावर काही ठेवायचं नाही.” म्हटलं, नाही ठेवणार. “कोंबड्यांच्या शेजारी ठेवायची नाही.” बरं. “आणि गार्डला सांगा, सोलापूरला ऊन फार असतं.” मी खरोखरच जाऊन गार्डला सांगितलं. गार्ड म्हणाला, “सोलापूरला मी काय करू?” मी परत येऊन बाईंना म्हणालो, गार्डनं लक्ष ठेवायचं कबूल केलं आहे. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की पार्सल ऑफिसात खोटं बोलणं हे सेवेतच मोडतं असं माझं मत झालं.

दुसरी एन्नोरची कोळीण, अंजलै. तिच्या खेकड्यांची एक टोपली शेडमध्ये उलटली आणि खेकडे शिस्तीत तक्रारीच्या खिडकीकडे निघाले. ती शांतपणे एकेक खेकडा पाठीकडून उचलून टोपलीत टाकत होती, आणि मी टेबलावर उभा राहून तिला सूचना देत होतो. थोड्या वेळानं ती म्हणाली, “सार, तुम्ही उतरलात तर टेबलाखालचा धरता येईल.”

आता चित्रपटांच्या पेट्यांकडे येतो. हल्लीच्या मुलांना खरं वाटत नाही, पण तेव्हा चित्रपट रेल्वेनं यायचा. रिळांचे डबे पत्र्याच्या ट्रंकांत भरलेले. बहुतेक चित्रपट दोन पेट्यांचा. झाकणावर रंगानं मोठा एक आणि मोठा दोन. पेटी एकमध्ये पूर्वार्ध, पेटी दोनमध्ये उत्तरार्ध. पेट्या वर्षानुवर्षं फिरून पोचलेल्या, अंगावर जुन्या लेबलांचे थर.

आणि तमिळ मोठ्या नटाची पेटी आली की आमच्या शेडची जत्रा व्हायची. त्याचे चाहते ढोल घेऊन दारात उभे. पेटी बाहेर आली की तिला हार, तिच्यापुढे कापूर, नारळ, दृष्ट काढायला भोपळा. मग ती डोक्यावर घेऊन नाचत थिएटरपर्यंत. पेटीला ते ‘पडप्पेट्टी’ म्हणत, आणि तिला हात लावायला मिळालेला माणूस आठवडाभर तसा हात मिरवत असे. मुरुगेसन अशा पेटीवर मार्का रंगवतानासुद्धा आधी चप्पल काढायचा.

हिंदी पेटीला कोणी येत नसे. ती खेकड्यांच्या शेजारी बसून राहायची. तिला न्यायला यायचे राव.

गोपाळराव हे टी. नगरच्या एका थिएटरचे मॅनेजर. तंजावरकडचे मराठी. त्यांचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, एखाद्या जुन्या बखरीतला कारकून उठून तमिळ सुरात बोलतो आहे. “येणें केव्हां जालें? अस्की सामान आलें की नाही?” असं ते पावतीच्या खिडकीशी विचारायचे. ‘अस्की’ म्हणजे सगळं, हे मला बरेच महिने कळलं नव्हतं. मी ते एखाद्या कंपनीचं नाव समजत होतो. एकदा मी बढाईनं म्हणालो, आम्ही महाराष्ट्रातून आलेले खरे मराठी. राव चष्मा पुसत म्हणाले, “तुम्हीं बदलीवर आलां. आम्हीं स्वारीवर आलों.” पुढं मी तो विषय काढला नाही.

रावांच्या थिएटरात सकाळचा खेळ हिंदीचा असे, आणि मला बाल्कनीचा पास. आता माझं व्यसन सांगायला हरकत नाही. दोन हजार सालानंतर हिंदीत ते प्रचंड खर्चाचे विज्ञानपट निघू लागले. नायक चंदेरी पोशाखात आकाशातून उतरतो, यंत्रमानव इमारती उचलून एकमेकांना मारतात, भविष्यकाळात जायचं यंत्र नायिकेच्या ओढणीत अडकतं, असे. समीक्षकांनी त्यांना झोडपलं, शहाण्या लोकांनी पाहिले नाहीत. मी एकही सोडला नाही. दिवसभर ज्याच्या टेबलावर ‘मेल अजून लेट’ एवढीच बातमी येते, त्याला डोळ्यांसमोर भविष्यकाळ वेळेवर येताना पाहून काय सुख होतं ते शहाण्यांना सांगून कळणार नाही. शिवाय नुकसानभरपाईचा अर्ज कुणी करत नाही. अख्खं शहर कोसळतं आणि पुढच्या दृश्यात लोक गाणं म्हणतात.

माझी बायको सुनंदा एकदाच आली होती. घरी जाताना बसमध्ये म्हणाली, “पत्र्याचा माणूस पत्र्याच्या माणसाला बडवतो. यात तुम्ही मान कशाला हलवत होता?” मी म्हणालो, त्यामागे शास्त्र आहे. मी बी. एस्सी. आहे. वर्ग विचारू नये.

ते शास्त्र मी रावांना समजावून सांगत असे. रावांचं हिंदी बेताचं, कामापुरतं. मध्यंतरात ते मला कॉफी पाजत आणि मी सांगे, नायक भिंतीतून कसा गेला: त्याच्या अणूंनी दिशा बदलली. मेलेला शास्त्रज्ञ परत कसा आला: तो प्रकाशाच्या वेगानं मेला होता, म्हणून मरण त्याच्या मागं राहिलं. राव कॉफी ओतता ओतता “सेरी, सेरी”, म्हणजे बरं बरं, म्हणत. इतका चांगला श्रोता मला दुसरा मिळाला नाही.

एका गुरुवारी राव आले ते खिडकीशी न थांबता आत येऊन माझ्यासमोर बसले. म्हणाले, “आमचे मुदलाळी थिएटर मोडायास निघाले.” मुदलाळी म्हणजे मालक. मालक नायडू, घरी तेलुगू बोलणारे. शेजारच्या दुकानदारानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की टी. नगरात पडदा लावण्यापेक्षा रेशमी साड्या लावाव्यात. थिएटर पाडायचीही गरज नाही, खुर्च्या काढल्या की काउंटर. नायडू म्हणाले होते, उद्या घरची मंडळी घेऊन पहिल्या खेळाला येतो, माणसं आणि सिनेमा दोन्ही बघतो, मग ठरवतो. तो चित्रपट म्हणजे त्या वर्षीचा सगळ्यात खर्चिक हिंदी विज्ञानपट.

“आणि तुमचं काय?” मी विचारलं.

“साडी काउंटरास उभे राहा म्हणतात,” राव म्हणाले. “ह्या वयांत आम्हीं पदर धरून दाखवावें काय?”

शुक्रवारी मुंबईची मेल लेट. राव उजाडल्यापासून शेडमध्ये येऊन बसलेले, दारात ऑटो उभी करून. पिशवीत थिएटरात फोडायचा नारळ आणि हार. मेल आली तेव्हा खेळाला फार वेळ उरला नव्हता. दोन पेट्या उतरल्या आणि आमच्या माणसांनी त्या नेहमीप्रमाणे खेकड्यांच्या शेजारी ठेवल्या.

राव त्या पेट्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “आमचे पेटीस कोणी विचारीत नाही.”

इथं माझी बुद्धी जागी झाली. म्हटलं, राव, आज आपण हिची पूजा करू. वाजतगाजत नाही, पण मानानं. नारळ तुमच्याकडे आहेच. शेडच्या कोपऱ्यात मुरुगेसनचा पिळ्ळैयार, म्हणजे गणपती, होता; त्याच्यापुढचा कापूर, चंदन, कुंकू मी उचललं. मुरुगेसन म्हणाला, “सार, पेटी रिलीज करा, वेळ नाही.” मी त्याला म्हणालो, पाच मिनिटांचं काम आहे. सरकारी नोकरीतल्या सगळ्या चौकश्यांची सुरुवात या वाक्यानं होते.

पण दोन पेट्यांची पूजा फार केविलवाणी दिसत होती. पांढऱ्या रेघेच्या पलीकडे आणखी दोन पेट्या होत्या. त्याच चित्रपटाचं तेलुगू रूप, इथंच चेन्नईत डब केलेलं, नेल्लूरच्या गाडीनं जायला तयार. तोच चित्रपट, तोच नायक. मी हमालांना म्हणालो, त्याही आणा. मुरुगेसन रेघेकडे बोट दाखवून म्हणाला, “सार, जाणारा माल इकडे आणत नाहीत.” म्हटलं, देवाला काय जाणारा आणि काय येणारा.

चार पेट्या एकावर एक रचल्या. देखावा झाला. हार घातला. प्रत्येक पेटीच्या दर्शनी बाजूला मध्यभागी मी स्वतः हातानं भरपूर चंदन थापलं आणि त्यावर कुंकू. गंध मध्यभागी लावायचं असतं, आणि मार्काही मध्यभागीच रंगवायचा असतो, हे दोन नियम मला वेगवेगळे पाठ होते. कापूर पेटवला. राव हात जोडून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी नारळ फोडला तो एका फटक्यात फुटला. अंजलै आपल्या टोपलीवरून उठून आली आणि तिनंही हात जोडले. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात सुंदर देखावा असेल.

तेवढ्यात नेल्लूरच्या गाडीची घोषणा झाली. हमाल धावले. मुरुगेसन ओलं फडकं घेऊन चंदन पुसायला वाकला.

“पुसू नकोस,” मी म्हणालो. “ओलं गंध पुसलं तर अपशकुन होईल.”

“सार, मार्का खाली आहे.”

“मला ओळखू येतात.”

मुरुगेसननं फडकं खाली ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकला. नोकरीत मुरलेला माणूस वरिष्ठाच्या मूर्खपणापासून किती अंतर ठेवायचं ते जाणतो. मी झाकणावरचे आकडे पाहिले. एक आणि दोन नेल्लूरला. एक आणि दोन टी. नगरला. अगदी बरोबर. कुठला दोन कुठल्या एकाचा, हा प्रश्न मला पडलाच नाही.

माझी पाळी संपली होती. रावांबरोबर त्याच ऑटोत बसून मी थिएटरात गेलो, मांडीवर पृथ्वीचा उत्तरार्ध घेऊन. वेळ इतका कमी होता की ऑपरेटरनं पेटी एक उघडून रीळ चढवलं आणि पेटी दोन मध्यंतरात बघू म्हणाला.

बाल्कनीत पहिल्या रांगेत नायडू, त्यांच्या पत्नी आणि सासूबाई. रावांनी मला नायडूंच्या शेजारी बसवलं आणि ओळख करून दिली, “रेल्वेचे बाँबे सार. सायन्स जाणतात.” नायडूंना हिंदी येत नव्हतं, तेव्हा मी माझ्या तमिळमध्ये समजावून सांगायचं ठरलं. आज विचार करतो तेव्हा वाटतं, थिएटर बंद पाडायला एवढी व्यवस्थाच पुरेशी होती.

पूर्वार्धात नायडू पडद्याकडे कमी आणि भिंतींकडे जास्त बघत होते. नायक ज्वालामुखीत उडी मारत होता तेव्हा ते मला म्हणाले, “बाल्कनीत लग्नाच्या साड्या. खाली सुती.” मी ज्वालामुखीचं तापमान सांगायला सुरुवात केली होती ती तशीच राहिली. सासूबाई मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, खात होत्या, तेवढाच आवाज. राव मागं जिन्याशी उभे होते आणि मी वळून पाहिलं की मान फिरवत होते.

मध्यंतर अशा जागी आलं: खलनायक नायकाला खुर्चीला बांधतो, त्याच्या डोक्यावर तारांचं शिरस्त्राण चढवतो आणि त्याचा मेंदू यंत्रात ओतून घेऊ लागतो. निळा प्रकाश. दिवे लागले.

मध्यंतरानंतर नायकानं डोळे उघडले आणि तो तेलुगूत बोलला.

नायडू ताठ बसले. सासूबाईंचा हात पिशवीत थांबला. मला सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की काय कल्पना आहे दिग्दर्शकाची. नायडूंनी विचारलं, “हा आता तेलुगू कसा बोलतो?” आणि मी खरोखर समजावून दिलं. यंत्रानं त्याचा मेंदू रिकामा केला. रिकाम्या मेंदूत आसपासच्या लहरी शिरतात. खलनायकाचा तळ समुद्रात, आंध्रच्या किनाऱ्याजवळ, त्यामुळे तिकडच्या लहरी. नायडूंनी मान डोलावली. “करेक्ट,” ते म्हणाले.

मग नायिका आली आणि तीही तेलुगूत बोलली. मी म्हणालो, तिचं त्याच्यावर प्रेम आहे, तिनं त्याचा हात धरला होता. हेही नायडूंना पटलं. खाली स्टॉलमध्ये हॉस्टेलची मुलं शिट्ट्या मारत होती, कोणी “हिंदी, हिंदी” ओरडत होतं, आणि सौकारपेठेतला एक व्यापारी आपल्या कुटुंबाला मोठ्यानं सांगत होता, दिमाग बदल दिया है. माझा सिद्धान्त तिथंही स्वतंत्रपणे लागला होता.

मग यंत्रमानव बोलला. तोही तेलुगूत. यंत्रमानवाला कोणी शिरस्त्राण घातलं नव्हतं, त्याचा हात कोणी धरला नव्हता, आणि त्याला मेंदू नव्हता. मी पुढचं शास्त्र शोधत कपाळाला हात लावला आणि बोटांना चंदनाचा वास आला.

राव ऑपरेटरच्या खोलीकडे धावत गेले होते, ते परत आले आणि माझ्या कानाशी वाकले. “पेटी दोन तेलुगू हाय. तुमचे मुरुगेसनानें काय केलें हें?”

“मुरुगेसननं नाही,” मी म्हणालो. “मी केलं.”

राव तिथंच पायरीवर बसले. “अस्की संपलें,” ते म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, “थांबवूं काय?”

मी नायडूंकडे पाहिलं. ते कठड्यावर दोन्ही कोपरं टेकवून पुढं झुकले होते. पडद्यावर यंत्रमानव खलनायकाच्या आईला काहीतरी म्हणाला आणि नायडू, त्यांच्या पत्नी आणि सासूबाई एकदम हसले. तो विनोद काय होता ते मला आजतागायत माहीत नाही. मी रावांना म्हणालो, थांबवू नका.

राव शेवटपर्यंत पायरीवरच बसले होते. पृथ्वी वाचली तेव्हा सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

दिवे लागल्यावर नायडू उठले, कमरेची वेष्टी सारखी केली आणि रावांना म्हणाले, “पहिला अर्धा हिंदीत का दाखवला?”

रावांनी खरं सांगितलं. रेल्वेत चूक झाली, पेट्या बदलल्या, सगळी हिंदीच यायची होती. नायडूंनी माझ्याकडे बोट केलं. “यांनी केली?”

“होय.”

“मग अर्धीच का केली?”

तिथल्या तिथं निकाल लागला. साड्या नाहीत. थिएटर राहणार, राव राहणार. मात्र पुढच्या आठवड्यापासून सकाळचा खेळ तेलुगू. चेन्नईत तेलुगू समजणारे एवढे लोक असताना आपण सकाळी हिंदी कोणासाठी लावतो, असं त्यांनी रावांना विचारलं. रावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कोणासाठी ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुपारी ऑफिसात जाऊन मी नेल्लूरच्या पार्सल क्लार्कला फोन लावला. तो माझ्या फोनचीच वाट पाहत होता. तिथला ऑपरेटर कामाचा माणूस, त्यानं खेळाआधी दोन्ही पेट्या उघडून पाहिल्या होत्या. क्लार्क एवढंच म्हणाला, “सार, पेटीवर इतकं चंदन होतं की आम्हाला वाटलं कोणी वारलं.” संध्याकाळच्या गाडीनं पेट्यांची अदलाबदल झाली. रावांनी तक्रार केली नाही, त्यामुळे माझ्यावर कागद चालला नाही. साहेबांनी मात्र मला बरेच दिवस कोंबडीच्या पिल्लांवर बसवलं. मुरुगेसन पांढरी रेघ नव्यानं रंगवत होता तेव्हा न बघता म्हणाला, “सार, पूजा नवरात्रात आयुधपूजेला असते. वर्षातून एकदा. तेव्हा माल आलेला नसतो.”

पुढं पेट्या येणंच कमी कमी होत गेलं. चित्रपट तारेतून आणि उपग्रहावरून थिएटरात जायला लागले. चुकीच्या गावी जायचा धोका टळला, आणि हाताला लागायचंही काही उरलं नाही. शेडमध्ये पेट्यांच्या जागी खेकडे पसरले. ढोलवाले चाहते आता कशाची पूजा करतात मला माहीत नाही. नटाच्या पुतळ्यावर दूध ओततात असं ऐकतो. निवृत्त होताना मला त्या शेडमधलं काही मागून न्यावंसं वाटलं असतं तर ती एखादी चेपलेली ट्रंक, पण ती रेल्वेची नव्हती आणि माझीही नव्हती.

रावांच्या थिएटरात मी मात्र जात राहिलो. पास चालू होता. त्याच वर्षी पुढचा मोठा विज्ञानपट आला, हिंदीतलाच, पण रावांकडे सगळा तेलुगू. मला तेलुगूचं एक अक्षर येत नाही. नायक काळाच्या मागं गेला, पुढं गेला, स्वतःच्याच लग्नात स्वतःला भेटला, दोन ग्रह एकमेकांवर आदळले. मी लहान मुलासारखा बघत बसलो. समजावून सांगायला कोणी नव्हतं, आणि मलाही सांगता येत नव्हतं. मध्यंतरात राव कॉफी घेऊन आले, शेजारी बसले. थिएटर अर्ध्याहून जास्त भरलं होतं आणि ते खूश होते. ती खुशी बघून माझ्या मनातली हिंदीची खंत थोडी निवळली. मी म्हणालो, “राव, गंमत बघा. एक शब्द कळत नाही, तरी मजा तेवढीच येते.”

राव कॉफी निवायला ओतत होते. ते म्हणाले, “तुम्हांस हिंदींतही कळत नव्हतें हो. आम्हीं बोललों नाही, इतकेंच.”